टोपली जैसे थे

शनिवारी दुपारी चार वाजता तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बटाटे पडले. खाली इमारतीचे सेक्रेटरी आपली स्कूटर पुसत उभे होते. एक बटाटा सीटवर पडला, एक हेडलाइटवर आणि बाकीचे त्यांच्या आजूबाजूला. जखमी कोणी नाही. हेडलाइटची काच फुटली. बटाटे आमच्या आत्याचे होते, ज्या टोपलीतून ते पडले ती आमच्या गटाची होती, आणि ती टोपली कशी वापरायची याच्या सूचना मी लिहिल्या होत्या. जबाबदारांच्या यादीत मी खरं तर तिसरा. पण सेक्रेटरींनी वर बघून पहिली हाक मलाच मारली.

हा गट काय प्रकार आहे ते सांगायला हवं. आमच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, आणि ती भरायला मी एका तंत्रशाळेत गेलो होतो. तिथे सुटीच्या दिवशी एक वर्ग चालतो. वस्तूची कल्पना कशी सुचते, तिचा नमुना कसा करतात, तो मोडतो कसा आणि पुन्हा कसा उभा करतात, हे गटागटाने प्रत्यक्ष करून शिकायचं. व्याख्यान नाही, परीक्षा नाही. वर्ग चालवणारे सर दारातच उभे होते. बातमी उभ्याउभ्या मिळत नव्हती, म्हणून मी एका टेबलाशी रिकाम्या खुर्चीवर टेकलो.

"तुम्ही या गटातले तिसरे," सर म्हणाले.

"नाही नाही, मी पेपरातून आलोय. बातमीसाठी."

"मग तर उत्तमच. आतून बघा. बसा."

मी बसलेलाच होतो. वाद घालायला आधी उठावं लागलं असतं, आणि पाय दुखत होते. अशा रीतीने माझा प्रवेश झाला.

गटात एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या आणि एक गणिताचे मास्तर. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, जन्मभर तोंडात हात घालून बारीक कामं केली, आता एकदा काहीतरी मोठं करायचं आहे. मास्तरांचं म्हणणं, फळ्यावरची दोरी नेहमी वजनरहित असते आणि कप्पीला घर्षण नसतं. आयुष्यात एकदा तरी खरी दोरी हातात धरून बघावी. माझं काहीच म्हणणं नव्हतं. त्यामुळे नोंदवहीत माझ्यापुढे 'लेखन व किरकोळ मदत' असं लिहिलं गेलं.

सरांचा नियम एकच. एक जिवंत माणूस निवडा, त्याची एक अडचण शोधा, तिच्यावर वस्तू बनवा. "पण तुम्ही घरी गेल्यावर ती वस्तू चालली पाहिजे," ते म्हणाले. "तुम्ही शेजारी उभे आहात म्हणून चालत असेल, तर ती वस्तू नव्हे, तुमची हौस."

जिवंत माणूस म्हणून मी आत्याचं नाव सुचवलं. कारण अडचण घरात तयार होती. आत्या एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे बोलायला लागले आहेत. जिना उतरताना ती ठीक असते, पण पिशवी घेऊन चढताना प्रत्येक मजल्यावर थांबते आणि कोणी दार उघडलं तर "तुमची कुंडी बघत होते" असं सांगते. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. घरात त्याला अजून छोटू म्हणतात, जरी दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागतात. छोटूने फोनवर निक्षून सांगितलं होतं: पुढच्या सुटीत येतो आणि तुला घेऊन जातो. सामान वाहताना जिन्यात पडलीस तर कोण उचलणार?

"सामान जिन्यानं आणलंच नाही तर?" आत्याने विचारलं होतं.

"मग काय उडत येणार आहे?"

"आलं तर राहू देशील?"

"आलं तर बघू," छोटू म्हणाला होता. आत्याने या 'बघू'ला लेखी करारासारखं धरलं होतं. तिला ते घर सोडायचं नव्हतं. का, ते ती सांगत नसे. विचारलं तर म्हणायची, "उजेड चांगला येतो."

सरांचा दुसरा नियम: माणसाला विचारू नका, बघा. म्हणून आम्ही तिघे सकाळपासून आत्याच्या सोफ्यावर ओळीने बसलो आणि ती काय करते ते बघू लागलो. आत्याने थोडा वेळ सहन केलं.

"तुमची मुख्य अडचण काय, आत्या?" न राहवून मास्तरांनी विचारलंच.

"सध्या तरी सोफ्यावर आहे ती," आत्या म्हणाली. "पाय वर घ्या, केर काढायचाय."

तरीही दिसायचं ते दिसलं. तिला जिन्याचं भय नव्हतं, पिशवीचं होतं. मोकळ्या हाताने ती कठड्याला धरून सावकाश, पण नीट चढत असे. तेव्हा पिशवी वेगळ्या वाटेने वर आली की झालं. खिडकीबाहेर लोखंडी दांडा, त्याला कप्पी, दोर, आत हँडल आणि खाली टोपली. ऐकायला इतकं सोपं की हे शिकायला वर्ग कशाला, असं माझी बायको म्हणाली. "अहो, विहिरीवर हेच करतात की!" मी तिला समजावलं की विहीर ही वस्तू नसून ती एक पद्धत आहे. त्यावर तिने मला कपडे वाळत घालायला पाठवलं.

पहिला नमुना डॉक्टरीणबाईंनी केला. दातांचे साचे घेतात त्या प्लास्टरचा, वीतभर उंचीचा, तिन्ही मजले आणि खिडक्यांसकट. कप्पी शर्टाच्या बटणाएवढी, दोर म्हणून दातांतलं काढायचा धागा. त्याने एक द्राक्ष विनातक्रार वर गेलं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा मात्र पडला. "पहिल्या झटक्यात चाललं? मग यातून काय शिकलात?" म्हणाले. आम्ही मान खाली घातली.

दुसऱ्या नमुन्याने त्यांना निराश केलं नाही. तो म्हणजे शनिवारचे बटाटे.

आत्याच्याच घरी सगळ्यांसमोर चौकशी झाली आणि दोष माझ्याकडे आला. टोपली दोराला अडकवायला एक आकडा होता. तो नीट बसला आहे ना, हे बघून मग हँडल फिरवायचं. सूचनापत्र लिहायचं काम माझं. इतकी वर्षं मी बातम्या लिहितो, आणि बातमीत सर्वात महत्त्वाचं वाक्य पहिलं येतं, बाकी तपशील उतरत्या क्रमाने, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. मी तसंच लिहिलं. पहिलं वाक्य: 'हँडल फिरवताच टोपली वर येते.' मग दांडा कसला, दोर कसला, गटात कोण कोण, वर्ग कुठे भरतो. सर्वात शेवटी: 'तत्पूर्वी आकडा लागला असल्याची खात्री करावी.'

"आत्या, शेवटची ओळ वाचली नाहीस?"

"पेपरातलं शेवटपर्यंत कोण वाचतं रे?" आत्या म्हणाली. "पहिल्या ओळीत लिहिलंय, हँडल फिरवताच येते. मी फिरवलं. आली. मग गेली."

मी नोकरीत जे लिहिलं त्यापैकी कशाचाही परिणाम इतक्या तत्काळ झालेला मी पाहिला नव्हता. सर हे ऐकून खुर्चीतून उठलेच. "वा! बघा, वापरणारा माणूस कागद वाचत नाही, हात वाचतात. काय शिकलात?" सेक्रेटरी शेजारीच फुटकी काच घेऊन उभे होते. सरांनी त्यांनाही विचारलं, "आणि तुम्ही?"

सोमवारी आमच्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळींची बातमी आली. आमच्या नवशिक्या बातमीदाराने परस्पर मिळवलेली. त्यात मी 'एक इसम' होतो आणि बटाट्यांचे कांदे झाले होते. मी दुरुस्ती छापण्याची मागणी केली. वृत्तसंपादकांनी विचारलं, इसमाची की कांद्यांची? मी दोन्हींची म्हणालो. कांद्यांची छापली.

मात्र त्या पडझडीनंतर मला एक गोष्ट जाणवली, आणि ती मी इथे नोंदवतो. मला कुतूहल वाटू लागलं होतं. आकडा आपोआप का बसू नये? हँडल सोडलं तर टोपली जागच्या जागी का थांबू नये? दाराच्या कड्या, बाटल्यांची झाकणं, छत्रीचा खटका, सगळ्यांकडे मी थांबून बघू लागलो. कार्यालयात मी पंच मशीन उघडून पाहिलं आणि ते पुन्हा बंद होईना. बायकोने घरातली कात्री लपवून ठेवली.

तिसऱ्या नमुन्यात आपोआप बसणारा आकडा आणि दातेरी चाक आलं. चाकाच्या दातांत एक खिट्टी पडते. हँडल सोडलं तरी टोपली खाली घसरत नाही, आणि खाली सोडायची असेल तर खिट्टी हाताने उचलून धरायची. चाकाचे दात डॉक्टरीणबाईंनी स्वतः घासले. प्रत्येक दाताला त्यांनी आरसा लावून पाहिलं. मास्तरांनी वजनाचा हिशेब केला. त्यांचं प्रत्येक वाक्य 'धरून चालू' असं सुरू होई. धरून चालू, आत्या एका वेळी एवढंच सामान घेते. धरून चालू, वारा नाही. धरून चालू, टोपलीत दुसरं कोणी काही टाकणार नाही.

हे शेवटचं चुकलं.

टोपली दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जात असे. प्रथम त्यांनी हरकत घेतली.

"आमच्या घरात डोकावल्यासारखं होतं."

"वहिनी, टोपलीला डोळे नाहीत," मी म्हणालो.

"तिच्या दोराला वर डोळे आहेत ना. आत्यांचे."

म्हणून टोपलीला घंटी बांधली, वहिनींना सावध करायला. घंटी वाजली की वहिनी खिडकीशी येऊ लागल्या, आणि रिकामी टोपली समोरून जाताना बघवेना म्हणून तिच्यात काहीतरी ठेवू लागल्या. आधी आत्याची उसनी वाटी. मग वर वाचायला मासिक. मग खाली जाताना कचऱ्याची पिशवी. "नाहीतरी चाललीच आहे खाली," त्या म्हणाल्या. मास्तरांनी रात्रभर नवा हिशेब केला असं ते सांगतात. सरांना मात्र आनंदाचं भरतं आलं. "तुम्ही एका माणसासाठी बनवलंत आणि दुसऱ्या माणसाने त्यात आपलं काम शोधलं! याला म्हणतात..." याला काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं, पण तेवढ्यात घंटी वाजली.

पहिल्या मजल्यावरच्या काकांचा सल्ला सुरुवातीपासून एकच होता: कप्पी उलटी लावली आहे. ते रोज वर मान करून हे सांगत. एके दिवशी कंटाळून आम्ही ती फिरवून लावली. काका बाहेर आले, नीट बघितलं आणि म्हणाले, "अजून उलटीच आहे."

आता टोपली चालत होती. आत्या खाली जाई, दुकानदाराकडून सामान घेई, टोपलीत ठेवी, मोकळ्या हाताने वर येई आणि हँडल फिरवी. आम्ही कोणी हजर नसतानाही. तिचा चेहरा बदलला होता. मला पाहिलं की म्हणायची, "ये रे पेपरवाल्या, आज दुधाच्या पिशव्या आल्या, एक थेंब सांडला नाही." मी उपसंपादक आहे, पेपरवाला म्हणजे सकाळी पेपर टाकतो तो, हे मी तिला पूर्वी अनेकदा सांगितलं आहे.

पण सेक्रेटरी हेडलाइट विसरले नव्हते. त्यांनी नियमावली वाचली. "माणूस वा वस्तू वर-खाली नेणारं यंत्र म्हणजे लिफ्ट," ते म्हणाले. "लिफ्टला परवानगी लागते."

"सेक्रेटरीसाहेब, ही टोपली आहे."

"वर जाते ना?"

"जाते."

"खाली येते ना? मला तर आलेली चांगली आठवते."

मी संबंधित कार्यालयात गेलो. पत्रकाराचं ओळखपत्र खिडकीतून पुढे केलं. लिपिकाने ते बाजूला ठेवून अर्ज काढला.

"प्रवासी संख्या?"

"शून्य."

"मग लिफ्ट कशाला हवी?"

"नकोच आहे. ही टोपली आहे. हिला परवानगी लागत नाही, एवढं लिहून द्या."

"लागत नाही असं लिहून द्यायलाही अर्ज लागतो."

"कसला?"

"लिफ्टचा."

मी भरला. वेग या रकान्यापुढे काय लिहावं ते कळेना. टोपलीचा वेग आत्याच्या मनावर असतो; मी 'ऐच्छिक' लिहिलं. लिपिकाने ते वाचून दाखवलं, शेजारच्या टेबलावर पाठवलं, तिथूनही हसू आलं. "तपासनीस येऊन बघतील," तो म्हणाला. "कधी?" "तेही ऐच्छिक."

आणि छोटू आला.

आम्ही गटाने त्याला प्रात्यक्षिक दाखवलं. आत्याने एकटीने सगळं केलं. सामान भरलं, जिना चढली, हँडल फिरवलं, मध्येच सोडून कपाळ पुसलं. खिट्टी पडली, टोपली जागच्या जागी थांबली, घंटी वाजली, वहिनींनी लिंबं ठेवली, टोपली वर आली. छोटूने चाक निरखलं. दोर ओढून पाहिला. डॉक्टरीणबाईंना म्हणाला, काम फार सफाईदार आहे. आम्हाला वाटलं जिंकलो.

"दादा, टोपली छान आहे," तो मला म्हणाला. "पण ती सामान वर आणेल. आईला कोण बघेल?"

यावर आमच्याकडे नमुना नव्हता. मास्तर 'धरून चालू' एवढंच म्हणाले आणि टोपलीतली लिंबं मोजू लागले. छोटूचा आवाज चढलेला नव्हता, हे सर्वात वाईट. तो आईजवळ खुर्ची ओढून बसला. "आई, मला तिथे झोप लागत नाही गं. फोन वाजला की छातीत धस्स होतं. माझ्यासाठी चल."

आत्या बराच वेळ दोराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "बरं," ती म्हणाली. "येते."

वहिनींची लिंबं टोपलीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा बॅग भरून दाराशी होती. ती जुनी मोठी बॅग, पट्ट्याने आवळलेली. छोटू ती उचलायला वाकला.

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "तूच म्हणालास ना, ओझं घेऊन जिना चढायचा-उतरायचा नाही?"

"ते तुझ्यासाठी, आई."

"गुडघे तुलाही दोनच आहेत. टोपलीतून जाईल ती. एवढं केलंय पोरांनी, शेवटचं एकदा चालू दे."

पोरांत मास्तर धरले होते, ज्यांना निवृत्त होऊन काळ झाला. छोटू मला म्हणाला, करू दे तिला. आम्ही सगळे खाली अंगणात जाऊन उभे राहिलो. वरून आत्याने बॅग टोपलीत बसवली, खिट्टी उचलली आणि सावकाश हँडल सोडू लागली. बॅग तिसऱ्या मजल्यावरून निघाली. घंटी वाजवत वहिनींच्या खिडकीसमोरून गेली. त्यांनी आत काही ठेवलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधोमध बॅग थांबली.

"सोड ना आई!" छोटू ओरडला.

"अडकली!" वरून आवाज आला.

डॉक्टरीणबाई वर धावल्या, चाकाला आरसा लावून बघितलं आणि खिडकीतून सांगितलं की खिट्टी पडली आहे, पक्की पडली आहे, पण दात शाबूत आहेत. मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. टोपली खाली सोडताना खिट्टी उचलून धरलेली असते. ती आपोआप पडत नाही. कोणीतरी हात काढून घेतला तरच पडते.

"हात दमला माझा," आत्या वरून म्हणाली. "आता उचलतच नाही. ताण बसलाय म्हणायचा."

हे दुरुस्त करायला फार वेळ लागला नसता. ताण बसला असेल तर हँडल किंचित उलट फिरवायचं, खिट्टी सुटते. चाक बनवताना आम्ही हे शिकलो होतो. मी ते सांगायला वर निघालोच होतो. तेवढ्यात कार्यालयाचा शिपाई कागद घेऊन फाटकातून आला. माझ्या अर्जावरचं उत्तर होतं. ते सेक्रेटरींनी सर्वांसमक्ष वाचलं: सदर उद्वाहन (म्हणजे लिफ्ट) तपासनीस पाहणी करीपर्यंत जैसे थे ठेवावे.

"जैसे थे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. बॅग वाऱ्यावर हलकीशी फिरत होती. "म्हणजे वर नाही आणि खालीही नाही."

"अहो, माझ्या आईचं सामान आहे त्यात!"

"असेल. मी वाचलं तेवढंच सांगतोय." त्यांनी वर जाऊन हँडलला कागदी पट्टी चिकटवली आणि खाली सही केली. मला वाटलं होतं आत्या त्यांच्याशी भांडेल. तिने त्यांना पाणी विचारलं.

छोटूने तिला नवे कपडे घेऊन देतो म्हणून सांगितलं. आत्या म्हणाली, माझी औषधं त्यात आहेत. औषधं आणून देतो. माझा चष्मा आहे. चष्मा तर तुझ्या डोळ्यावर आहे, आई. हा जवळचा, तो लांबचा. बॅगेशिवाय मी निघत नाही, आणि कायदा मोडून बॅग काढलेली मला चालणार नाही. तुझा हुद्दा मोठा आहे, तुलाच त्रास होईल.

सरांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. टेबलावर बोटं वाजवत ते म्हणाले, "तिला आता तुमची गरज उरलेली नाही." आमची टोपली वस्तू ठरली की हौस, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

छोटूने रजा वाढवून घेतली आहे. तो समोरच्या खोलीत फोनवरून कार्यालयाचं काम करतो. टोपली बंद असल्यामुळे सामान तोच जिन्याने आणतो आणि दुसऱ्या मजल्यावर वहिनींची कुंडी बघायला थांबतो. त्याला झोप चांगली लागते, असं आत्या म्हणते. खिडकीशी बसून तो उजेड चांगला येतो असंही एकदा म्हणाल्याचं बायकोने ऐकलं. मी स्वतः ऐकलेलं नाही, त्यामुळे खात्रीने लिहीत नाही. काल मास्तर अंगणात उभे राहून दोराकडे बराच वेळ बघत होते. भरल्या बॅगेने दोर जेवढा ताणला जायला हवा, तेवढा तो ताणलेला दिसत नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. हे छोटूला सांगायचं का, यावर गटात एकमत झालेलं नाही.

तपासनीस आज दुपारपर्यंत आले नव्हते. बॅग अजून मध्येच आहे.